ढिगावरचं इंजिन

माझ्याकडे आलेला माणूस आधी माझ्या काट्याकडे बघतो, मग माझ्या तोंडाकडे. काट्यात काही सापडलं नाही की त्याचा संशय आणखी वाढतो. अंबडच्या बाजूला माझं भंगाराचं दुकान आहे. आता मुलगा बघतो, पण मी रोज खुर्ची टाकून बसतोच. इतक्या वर्षांत काटा बरोबर आहे असं मानून मुकाट्यानं माल टाकणारं गिऱ्हाईक मला अजून भेटलेलं नाही. एक बाई रद्दी द्यायला यायच्या, त्या घरून साखरेची न फोडलेली पिशवी आणायच्या. आधी ती काट्यावर ठेवायची, वजन बघायचं, मग रद्दी. एकदा पिशवी थोडी कमी भरली. बाईंनी माझा असा उद्धार केला की शेजारचा वेल्डिंगवाला काम टाकून ऐकत उभा राहिला. मी दुसऱ्या काट्यावर ठेवून दाखवली, तिथंही कमीच. मग त्या तशाच किराणेवाल्याकडे भांडायला गेल्या. मला सॉरी वगैरे काही म्हणाल्या नाहीत.

मी रागावलो नाही, कारण मीही कुणावर विश्वास ठेवत नाही. या धंद्यात ठेवून चालतच नाही. गाडीचा रेडिएटर आला की मी आधी तो उलटा करून आपटतो, कारण लोक आत ओली माती भरून आणतात. फ्रिजचा कॉम्प्रेसर असेल तर हलवून बघायचा. नळ पितळेचा म्हणून येतो आणि निघतो जस्ताचा. त्याला लोहचुंबक काही करत नाही, कारण चुंबक फक्त लोखंड पकडतं. त्यासाठी कानस मारायची. पिवळं दिसलं तर पितळ, पांढरं दिसलं तर आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. बहुतेक वेळा तो दुसरीकडेच बघत असतो.

आमचं घराणं माळ्याचं. आजोबा, वडील गुलाब आणि शेवंती काढून नाशकात विकायचे. शेताच्या तिन्ही अंगांनी कारखाने उभे राहिले, तेव्हा उरलेल्या तुकड्यावर मी भंगार टाकलं. वडील कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. त्यांना वाटायचं, पोरानं फुलांच्या जागी गंज पेरला. मला धंद्याची लाज कधी वाटली नाही, पण एक गोष्ट अजून जिवाला लागते. कारखाना बंद पडतो आणि चांगलं चालू मशीन आमच्याकडे फोडायला येतं. त्यावर गॅस कटर चालवताना मी तिथं थांबत नाही, चहा प्यायला निघून जातो.

तर अशा माणसाच्या दारात मागे एकदा टीव्हीवाले आले. त्यांना एक स्पर्धा घ्यायची होती. साध्या माणसांच्या दोन टोळ्या, समोर भंगाराचा डोंगर, सकाळी काम सांगायचं आणि संध्याकाळपर्यंत त्या भंगारातून मशीन उभं करून चालवून दाखवायचं. आठवड्याला नवे दोन संघ, नवं काम. माझं आवार त्यांना फार आवडलं. सेट उभारायची गरज नाही, म्हणाले, पसारा तयारच आहे. मी पहिले दोन दिवस हे लोक नक्की कोण, म्हणून त्यांच्या गाड्यांचे नंबर टिपून ठेवले होते.

कार्यक्रमाची सगळी व्यवस्था बघणाऱ्या श्रेया नावाच्या मॅडम होत्या, मुंबईच्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि खरं काम सांगितलं. "काका, मशीनला लागणाऱ्या मुख्य वस्तू ढिगात असायलाच हव्यात. त्या तुम्ही ठेवायच्या. पण ठेवल्यासारख्या दिसता कामा नयेत."

आता कार्यक्रम संपला, करारही संपला, म्हणून लिहितो. टीव्हीवर तुम्हाला वाटतं, काय नशीब बघा यांचं, नेमका गिअरबॉक्स सापडला. नशीब वगैरे काही नाही, तो मी आदल्या दिवशी ठेवलेला असायचा. खऱ्या भंगारात चालू इंजिन सापडत नाही. चालू असतं तर कुणी भंगारात कशाला दिलं असतं? म्हणून मी इंजिन आणायचो, दुरुस्त करायचो, तेल बदलायचो, चालवून बघायचो आणि मग त्याला काजळी, जुनं ग्रीस, धूळ चोपडून भंगार करून टाकायचो. जन्मभर लोकांनी वाईट माल चांगला म्हणून माझ्या गळ्यात मारला. आता मी चांगला माल वाईट करून दाखवत होतो, आणि खोटं कशाला बोलू, मजा येत होती.

संघांवर लक्ष ठेवायचं कामही माझंच. बाहेरून सुटा भाग आणायचा नाही असा नियम होता, आणि नियम आहे म्हटलं की आपली माणसं आधी त्यातली फट शोधतात. वणीकडून एक संघ आला होता, मोठे भाविक. देवीचा फोटो लावल्याशिवाय पान्याला हात लावणार नाहीत. त्यांनी मला आग्रहानं चिवड्याचा डबा पुढं केला. मी डबा हातात घेतला आणि मला कळलं की चिवडा इतका जड नसतो. तळाशी कोरी करकरीत बेअरिंग निघाली. त्यांचा म्होरक्या शांतपणे म्हणाला, "आईनं चुकून टाकली असेल." चिवडा मात्र छान होता.

पण मला सांगायचं आहे ते सायखेड्याच्या संघाचं.

तिघं जण होते. कारभारी बापू, त्यांची मुलगी सुनंदा आणि बापूंचा पुतण्या सोमनाथ. बापूंची गावात पंप आणि इंजिन दुरुस्तीची शेड होती, जोडीला कांद्याची शेती. बापूंचे हात आता थरथरत होते. शेडमधलं सगळं काम गेली काही वर्षं सुनंदाच करत होती, हे मला सोमनाथनंच सांगितलं. सरळ मुलगा होता तो. तरीही पाडव्यापासून शेड त्याच्या ताब्यात जाणार, असं घरात ठरत आलं होतं.

मी बापूंना विचारलं, "काम पोरगी करते, मग शेड पुतण्याला का?"

"काम येतं तिला. माझ्यापेक्षा बरं येतं," बापू म्हणाले. "पण पोर भोळी हाय, शेठ. कोणी गोड बोललं की झालं. दुकान म्हणजे नुसते पाने फिरवणं नाय. समोरचा कुठं फसवू राहिला ते कळाय पाहिजे. चार महिन्यांत लोक लुटून नेतील तिला. सोमनाथ गडी माणूस हाय, निदान आवाज तरी चढवील." मग म्हणाले, "ती हट्टाला पेटलीय. म्हणते, टीव्हीवर एवढ्या लोकांत मशीन करून दाखवते, मग ठरवा. म्हणलं, बरं. एक दिवस बघतो."

सुनंदा बाजूलाच हातमोजे चढवत होती. तिनं ऐकलं, पण मान वर केली नाही. त्या दिवशी तिची शेड पणाला लागली होती, आणि तिथं हे आम्हा चौघांनाच माहीत होतं. श्रेया मॅडमना कळलं असतं तर त्यांनी सकाळीच सगळ्यांना कॅमेऱ्यासमोर रडवलं असतं.

काम सांगितलं गेलं. जमिनीवरचा कांद्याचा ढीग मशीननं उचलून ट्रॉलीत टाकायचा. कांदा खरचटला की गुण कापणार. समोरचा संघ पंचवटीतल्या रिक्षावाल्यांचा होता, हसत-खेळत काम करणारे लोक. दोघांसाठीही मी पंपाचं एक-एक इंजिन तयार ठेवलं होतं. रिक्षावाल्यांना त्यांचं पंधरा मिनिटांत मिळालं. सायखेडेकरांचं मी ढिगाच्या वर, एका टायरवर ठेवलं होतं. आंधळ्यालाही दिसेल असं.

ते बापूंना दिसलं, आणि तिथंच सगळं फसलं.

लासलगावच्या मार्केटात कांद्याच्या ट्रॉल्या रांगेनं लागतात. वरच्या थराला शेतकरी निवडक, गोल, चकाकता माल लावतो. व्यापारीही काही कालचा नसतो. तो कोपरापर्यंत हात आत घालून खालचा कांदा बाहेर काढतो आणि त्यावर भाव बोलतो. बापूंनी अर्धं आयुष्य त्या ट्रॉल्यांवर काढलेलं. वर माल लावायला बापू पटाईत, हे सोमनाथ कौतुकानं सांगायचा. अशा माणसाला ढिगाच्या माथ्यावर अख्खं इंजिन दिसल्यावर त्याला काय वाटणार?

"त्याला हात लावू नका," बापू म्हणाले. "वरचा माल दाखवायचा असतो. खालून काढा."

आणि तिघं जण ढीग उपसायला लागले.

मी जागच्या जागी चुळबुळ करत होतो. सांगायची मनाई, आणि खाली काय आहे ते मला पाठ. तिथं एक इंजिन होतं खरं, पण ते विहिरीत बुडालेलं. आत पाणी जाऊन पार सडलं होतं. मी ते किलोच्या भावानं घेतलं होतं. दहा वाजले, अकरा वाजले, शेवटी मला राहवलं नाही. त्यांच्या जवळून जाताना मी सहज बोलल्यासारखं बोललो, "ते टायरवरचं बघितलं का? बरं दिसतंय."

बापूंनी कंबर सरळ केली आणि सोमनाथकडे बघून म्हणाले, "बघ. भंगारवाला सोताहून माल दाखवू राहिला. आता तर नायच घ्यायचं."

मला असा राग आला म्हणून सांगू. आयुष्यात पहिल्यांदा मी एका माणसाला फुकट खरं सांगितलं, तर त्याला ते अजिबात पचलं नाही. पण बोलणार कुठल्या तोंडानं? त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं.

त्यांनी ते बुडालेलं इंजिन बाहेर काढलं. सुनंदानं त्याला डिझेल पाजलं, ठोकून-ठोकून पिस्टन सोडवला, कार्बन खरवडला. तिचा हात बघत राहावा असा होता. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर तिनं ते चालूसुद्धा केलं. काळा धूर, खोकला, आणि चाललं. बापूंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू माझी चोरीच पकडली. मग त्यावर पट्टा चढवला, आणि वजन पडल्याबरोबर ते गपकन बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. तिकडे रिक्षावाल्यांच्या मशीननं चाचणीचे कांदे वर न्यायला सुरुवात केली होती.

सुनंदा हात पुसत उभी राहिली. "बापू, हे ओढणार नाही."

"मंग दुसरं शोध."

"दुसरं ते आहे." तिनं टायरकडे बोट केलं.

"त्याच्यात गोम हाय."

"असेल. पण काय गोम आहे ते तरी बघू द्या."

बापू म्हणाले, "तुझ्या जबाबदारीवर. बंद पडलं तर मला काय बोलायचं नाय, आणि पाडव्यालाबी काय बोलायचं नाय." असं म्हणून ते लांब जाऊन बसले.

ती माझ्या जवळून गेली, पण मला काही विचारलं नाही. मला वाटलं होतं, ती विचारेल, काका, चांगलं आहे का? आणि मी डोळ्यांनी तरी हो म्हणेन. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. इंजिनाजवळ बसली, चाक हातानं हळूहळू फिरवलं, दाब कुठं येतो ते अजमावलं. वरचं झाकण खोललं, आत बघितलं. मग तेलाची कांडी काढली, तेल बोटावर घेतलं, अंगठ्यानं चोळलं, नाकाजवळ नेलं. तिथं ती थांबली. इतका वेळ थांबली की मला घाम फुटला. मग तिनं ते बोट पँटला पुसलं, झाकण बंद केलं आणि सोमनाथला म्हणाली, "उचल दादा."

त्यानंतरचं फार सांगत नाही, कारण मशीन चालायला लागलं की सांगण्यासारखं फारसं उरत नाही. इंजिन पहिल्याच फेऱ्याला चालू झालं. जुन्या कन्व्हेयरचा पट्टा, त्यावर तिनं सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावलेले, म्हणजे कांदा घसरू नये आणि आपटूही नये. कांदे एकापाठोपाठ एक वर गेले आणि ट्रॉलीत पडले. वेळ मात्र फार गेला होता. रिक्षावाल्यांची ट्रॉली आधी भरली आणि ते जिंकले. त्यांनी सुनंदाला हात धरून मधे ओढलं आणि आपल्याबरोबर फोटो काढायला लावला.

कॅमेरे आवरायला लागले. बापू माझ्याकडे आले आणि माझ्या शेजारी टायरवर बसले. सोमनाथ आणि सुनंदा समोरच पाने गोळा करत होते.

"शेठ, एक इचारतो. खरं सांगायचं," बापू म्हणाले. "ते इंजिन तुम्हीच ठेवलं होतं ना?"

हो म्हणावं तर करार मोडतो, आणि त्याहून वाईट म्हणजे पोरीच्या मेहनतीचं मातेरं होतं. टीव्हीवाल्यांनी चालवून दिलं, हिनं काय केलं, असं म्हातारा म्हणणार. मी त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं, "नाही हो बापू. भंगारात आलं तसं पडलं होतं."

आणि त्यांना ते पटलं. सकाळी खरं सांगितलं तेव्हा या माणसानं मला झिडकारलं होतं, आणि आता या धडधडीत खोट्यावर त्यांनी मान डोलावली. मला हसावं की रडावं कळेना.

"ठेवलेलंच होतं, बापू." सुनंदा खाली बसल्या-बसल्या बोलली. "काकांनीच ठेवलं. तेल कोरं आहे, हेडचं पॅकिंग नवं आहे, वरून काजळी फासलीय. भंगारातल्या इंजिनात नवं तेल कोण घालतं?"

बापूंनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या चपलांकडे बघितलं.

"मंग तवाच का नाय बोलली?"

"बोलले असते तर तुम्ही हात लावू दिला असता का?"

"पण ठेवलेला माल कशाला घेतला?"

"ठेवलेला होता, खोटा नव्हता. उघडून बघितला ना मी. यांना कार्यक्रम चालवायचाय, मशीनच चाललं नाही तर हे दाखवणार काय? त्यांची गरज होती, म्हणून त्यांनी ठेवलं. माझी गरज होती, म्हणून मी घेतलं."

"आन् आता कशाला सांगू राहिली? शेठनं झाकलं होतं."

"उद्या दुसऱ्याकडून कळलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, पोरीनं मला फसवलं."

बापू सोमनाथकडे वळले. "तुला दिसलं होतं का रे ते तेल?"

"नाही काका. मी नुसतं उचललं," सोमनाथ म्हणाला.

बापू पुन्हा सुनंदाकडे वळले. म्हणाले, "पाडव्याला शेडची चावी तुझ्याकडं."

मला वाटलं, आता ही पाया पडेल, डोळ्यांत पाणी येईल, आणि श्रेया मॅडमनी कॅमेरे घाईनं आवरले म्हणून त्यांना हळहळ वाटेल. सुनंदानं हातातला पाना खोक्यात ठेवला.

"तोंडी नको, बापू. निफाडला जाऊन बक्षीसपत्र करा. रीतसर नोंदणी करा."

"अगं, मी बाप हाय तुझा."

"आज इथं चार लोक बघू राहिले म्हणून तुम्ही म्हणाले. उद्या काकू दारात येऊन रडली की तुम्ही फिरणार. मागच्या पाडव्यालाही तुम्ही मला असंच म्हणाला होता."

सोमनाथनं खोकं उचललं आणि तो गाडीकडे गेला. काकू म्हणजे त्याचीच आई.

"माझ्यावरबी भरवसा नाय का गं तुझा?" बापूंनी विचारलं, आणि हे विचारताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"नाही, बापू," ती म्हणाली. आता मात्र तिचे डोळे भरून आले होते, पण शब्द मागे घेतला नाही.

बापूंनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "बरं केलं. आता तुला कोणी लुटून नेईल असा घोर नाय मला."

मग ते उठले आणि निफाडला कोणत्या दिवशी जायचं, ते त्यांनी तिलाच विचारलं.